पोरगा कमावतो, मग पोटगी कशाला?

"पोरगा आता कमावतो, मग मी पोटगी कशाला भरू?" कल्याण कोर्टाच्या आवारात तासभर उभं राहिलं तर हे वाक्य निदान एकदा तरी कानावर येतं. बोलणारा बाप बहुतेक वेळा मनापासून वैतागलेला असतो. मी वकील नाही. डोंबिवलीत बायकांचे अर्ज आणि शपथपत्रं भरून द्यायला गेली बारा वर्षं मदत करते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. पण हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते आलं कुठून हे शोधायला बसले. तर हा वाद दीडशे वर्षांचा निघाला. पोस्ट लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरात किंवा शेजारी अशी केस चालू आहे, त्यांनी वेळ काढून वाचा.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. ठाणे जिल्हा म्हणजे जुना उत्तर कोकण. इंग्रजी अमदानीत हिंदू कुटुंबांच्या वादात महाराष्ट्रात साधारणपणे 'मिताक्षरा' लावली जायची, पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ला जास्त वजन होतं. ग्रंथ कुठलाही घ्या, अज्ञान मुलाला पोसणं ही बापाची स्वतःची जबाबदारी मानली जायची, मग त्याच्याकडे वडिलोपार्जित काही असो वा नसो. मुलगा मोठा झाला की त्याचा हक्क बापावर उरत नसे, तो एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवर असे.

आणि पोराच्या कमाईवरून भांडण व्हायचं ते आजच्या बरोब्बर उलट. 'तू कमावतोस म्हणून तुला देणार नाही' हा मुद्दाच नव्हता. 'तू कमावतोस ते आमचं' हा मुद्दा होता. कुटुंबाच्या पैशावर शिकून आयसीएस झालेल्या एकाचा पगार एकत्र कुटुंबाचा धरावा, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला होता. त्यावर बरीच ओरड झाली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक नेलं आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. शिक्षण कुणाच्याही पैशाने झालेलं असो, त्या विद्येच्या जोरावर कमावलेलं ते कमावणाऱ्याचं. जयकरांचं नाव आपण इतर राजकारणासाठी लक्षात ठेवतो, पण घरातल्या पोराच्या कमाईला त्याच्या नावावर चढवणारा हा कायदा मला त्यांचं मोठं काम वाटतं.

आता पोटगी. आज ज्याला आपण 'एकशे पंचवीस' म्हणतो ते कलम हिंदू कायद्यातून आलेलं नाही आणि मुस्लिम कायद्यातूनही नाही. ते फौजदारी आहे. १८७२ ची फौजदारी प्रक्रिया संहिता ज्याच्या देखरेखीखाली झाली, त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनच्या मते या तरतुदीचा हेतू टाकून दिलेल्या बायकापोरांवर भटकायची पाळी येऊ नये, एवढाच होता. मायाममतेचा संबंध नाही. पुढे १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ झालं. कमाल पोटगी महिना ५० रुपये. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००, आणि तिथे जी अडकली ती २००१ पर्यंत. त्या वर्षी मर्यादाच काढून टाकली.

या ४८८ मध्ये एक शब्दयोजना आहे आणि सगळं भांडण तिच्यातच आहे. ऐपत असलेला जो माणूस आपल्या बायकोला किंवा 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' अशा आपल्या अपत्याला पोसत नाही, त्याच्याविरुद्ध आदेश देता येतो. अट कुणाला लावली ते बघा. बायकोला नाही, मुलाला. बायकोला ही अट आली १९७३ च्या नव्या संहितेत. म्हणजे 'कमवू शकतेस ना?' हा प्रश्न कायद्याने बाईला विचारायच्या कितीतरी आधी पोराला विचारला होता.

आणि तेव्हाचं पोर किती वयाचं? १८८१ चा कारखाना कायदा सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी करत होता. म्हणजे सात पूर्ण झाली की चालत होतं, दिवसाचे नऊ तास. १८९१ च्या कायद्याने वय नऊ केलं आणि तास सात. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात गिरणी कामगारांसाठी झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे हे १८४८ साली आपल्या ठाण्यात जन्मलेले. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, १० जून १८९० ला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्यांची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. नऊ वर्षांचं पोर कायदेशीरपणे साच्यावर उभं राहू शकतं अशा शहरात 'निर्वाहास असमर्थ' कुणाला म्हणायचं? कायद्याने वय लिहिलंच नव्हतं. ठरवणं मॅजिस्ट्रेटच्या हातात.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यात काम करायचं किमान वय १४ झालं, १९४८ च्या कायद्याने. १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. हे मुद्दाम सांगते, कारण कल्याण पूर्वेतल्या दोन बौद्ध भगिनींना कुणीतरी 'हा तुमच्यासाठी नाही' असं ठासून सांगितलं होतं. या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण असं स्पष्ट लिहिलंय. रक्कम ठरवताना मागणाऱ्याची 'स्वतःची कमाई' बघावी असंही लिहिलंय. म्हणजे बापाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अपत्याची कमाई कोर्टाला बघता येते, तसं कलमच आहे. प्रश्न ती बघून करायचं काय, हा आहे.

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली दिलं, नानकचंद विरुद्ध चंद्रकिशोर या दिल्लीच्या खटल्यात. बापाचं म्हणणं, मुलं सज्ञान झाली, आता काय द्यायचं? कोर्ट म्हणालं की ४८८ मध्ये अपत्य म्हणजे अज्ञान अपत्य असं कुठेही लिहिलेलं नाही. खरी मर्यादा वयाची नाहीच, 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' हीच मर्यादा आहे. कॉलेजात शिकणारा मोठा मुलगासुद्धा त्यात बसू शकतो. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात सरळ निकाल. वय विचारू नका, पोराचं भागतंय का ते विचारा.

पण चारच वर्षांत कायदा बदलला. १९७३ च्या संहितेत कलम १२५ मध्ये 'अज्ञान' हा शब्द घातला गेला. अठरा झाली की हक्क संपला, अपवाद अपंगत्वाचा. गंमत अशी की 'असमर्थ' हा शब्दही तसाच ठेवला. म्हणजे पोराला आता दोन चाळण्या. वय अठराच्या आत हवं आणि शिवाय भागत नसायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १४४ झालं. त्यातल्या अपत्याच्या उपकलमातून 'अज्ञान' शब्द पुन्हा गेलाय. पण पुढच्याच उपकलमात सज्ञान अपंग अपत्याचा वेगळा उल्लेख आहे, त्यामुळे अर्थ नेमका काय लावायचा यावर वकील लोक आता वाद घालतील. 'असमर्थ' मात्र इथेही आहेच.

थांबा, मुस्लिम कुटुंबांचं राहिलं. मुंब्र्याहून, भिवंडीहून येणाऱ्या बायका हमखास विचारतात. १९९७ साली नूर सबा खातून यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम बाईच्या मुलांनाही १२५ खाली पोटगी मिळते. ती सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचा निर्वाह करू लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. मुलीला लग्न होईपर्यंत. 'जे आधी होईल' हे शब्द बापाच्या वकिलाला तोंडपाठ असतात. त्याच्या आधीचे 'स्वतःचा निर्वाह' हे दोन शब्द तो जरा हळू वाचतो.

कारण निर्वाह म्हणजे काय? गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आई डोंबिवली पूर्वेला, वडील बदलापूरला. मुलाची पोटगी महिना ४,००० रुपये, आणि अकरा महिने थकलेली. दहावीचा निकाल लागायच्या आधीच पोरगा एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसला. दोन महिने, महिना साडेपाच हजार. त्यातून अकरावीची फी भरली, क्लासचा पहिला हप्ता भरला. वडिलांनी दुकानातला त्याचा फोटो जोडून पोटगी रद्द करायचा अर्ज टाकला. आई मला म्हणाली, "ताई, यांनी वेळेवर दिले असते तर तो तिथे बसलाच नसता." तारखा अजून चालू आहेत.

अर्ज टाकणं हा वडिलांचा हक्क आहे, त्यात चूक काही नाही. पूर्वीचं कलम १२७, आताचं १४६, परिस्थिती बदलली की रक्कम कमी-जास्त करायला सांगतं, आणि त्यात देणाऱ्याची तशी घेणाऱ्याची परिस्थितीही येते. पण दोन महिन्यांची सुट्टीतली नोकरी म्हणजे परिस्थिती बदलली का? जून उजाडला की नोकरी संपते, फी मात्र चालू राहते. आपल्याकडे अशी पोरं थोडी नाहीत. गणपतीत मखराच्या स्टॉलवर, दिवाळीला फडके रोडला कंदील विकायला, जांभळी नाक्याला होलसेलच्या दुकानात, बारावीची पोरगी सोसायटीतल्या चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. यातल्या कुणाचंही या पैशात वर्ष निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बायकोच्या बाबतीत हे किती वेळा सांगितलंय. १९७४ च्या भगवान दत्त खटल्यात कोर्ट म्हणालं, बायकोचं उत्पन्न रक्कम ठरवताना बघा. २००७ च्या चतुर्भुज खटल्यात म्हणालं, 'असमर्थ' म्हणजे अगदी भिकेला लागलेली असा अर्थ नाही, थोडीफार कमाई आहे म्हणून हक्क जात नाही. शब्द तेच आहेत. बाईला जो अर्थ लावला तो तिच्या सोळा वर्षांच्या पोराला का लागू नये, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता शिकाऊ उमेदवारांचं बघा, कारण आपल्या भागात हा प्रश्न खरा इथे येतो. वागळे इस्टेट १९६० च्या दशकात उभी राहिली, डोंबिवली एमआयडीसीही त्याच दशकातली. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदाही त्याच काळातला. चौदाव्या वर्षानंतर शिकाऊ म्हणून लागता येतं, धोकादायक उद्योगात मात्र अठरा लागतात. डोंबिवलीतल्या रासायनिक कंपन्यांचं काय ते २०१६ चा प्रोबेसचा आणि २०२४ चा अमुदानचा स्फोट ऐकलेल्यांना सांगायला नको. २०१९ च्या नियमांत दहावी पास शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन किमान ६,००० रुपये आणि आयटीआय झालेल्याचं ७,००० ठरवलं होतं. याच कायद्यात लिहिलंय की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो शिकणारा आहे. मग त्याचं विद्यावेतन ही कमाई की शिक्षणाचा भाग? जर्मनीत याचा हिशोब ठरलेला आहे. शिकाऊ पोराच्या विद्यावेतनातून कामाच्या खर्चापोटी साधारण १०० युरो बाजूला काढतात आणि उरलेलं त्याच्या गरजेतून वजा धरतात, तेही पोरगा अठराच्या आतला असेल तर पोटगी देणाऱ्या पालकाला त्यातल्या अर्ध्याचाच फायदा. ब्रिटनमध्ये हिशोब देणाऱ्या पालकाच्या उत्पन्नावर चालतो, पोराची शनिवारची नोकरी त्यात मोजतच नाहीत. आपल्याकडे तक्ता नाही, सूत्र नाही. न्यायाधीशाला जे वाजवी वाटेल ते. एका अर्थी बरं आहे, पण मग शपथपत्रात काय लिहिलंय यावर सगळं ठरतं.

आणि शपथपत्र आता सक्तीचं आहे. ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल, मूळ खटला आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला. त्यात कोर्टाने दोघांनाही मालमत्ता, देणी, उत्पन्न सगळं उघड करायला लावलं आणि नमुनाच दिला. त्या नमुन्यात अवलंबून असलेल्यांचं स्वतंत्र उत्पन्न काही असेल तर तेही लिहायचं आहे. बायका घाबरून पोराची कमाई लपवतात. लपवू नका, मी नेहमी सांगते. किती महिने, किती रुपये, ते कशावर खर्च झाले, पावतीसकट लिहा. फोटो समोरून येण्यापेक्षा पावती आपल्याकडून गेलेली बरी. आणि आई नोकरी करत असेल तर? २००० साली पद्मजा शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या पगाराच्या प्रमाणात, २:१ असा मुलांचा खर्च वाटून दिला होता. दोघं पालक वाटून घेतील. पोर हा तिसरा वाटेकरी नाही.

घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, तिथे काम करणारी मुलं हा एक वेगळा प्रकार. इथे कमाई खरंच मोठी असू शकते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाची सरसकट बंदी झाली, पण घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार आणि कलाकार म्हणून काम हे अपवाद राहिले. नियम असा की बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि त्याच्या उत्पन्नातले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला अठराव्या वर्षी मिळणार. हे २० टक्के तर कुणालाच, बापाला नाही आणि आईलाही नाही, हात लावता येत नाही. ते पोटगीच्या हिशोबात धरणं मला साफ चूक वाटतं. आयकराचा कायदाही इथे जयकरांच्याच बाजूचा. अज्ञान मुलाचं व्याजबिज उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण त्याने अंगमेहनतीने किंवा अंगच्या कलेने मिळवलेलं त्याचंच धरतात.

आणि मुलगी? तिची गोष्ट निराळी आहे. १९५६ च्या कायद्यात अविवाहित मुलीचा हक्क अठराला संपत नाही, स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून निर्वाह होत नसेल तोवर राहतो. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं. १२५ खाली धडधाकट मुलीला अठरानंतर मिळणार नाही, पण दत्तक व निर्वाह कायद्याखाली वेगळा दावा करता येतो. मुलाला हा रस्ता नाही. २०२१ साली एका प्रकरणात याच कोर्टाने बापाला मुलाचा खर्च पहिली पदवी मिळेपर्यंत द्यायला लावला, पण तो त्या प्रकरणापुरता आदेश, त्याने कायदा बदलला नाही. आपल्या भागातली बहुतेक पोरं बारावीत असतानाच अठराची होतात. कुणाचा वाढदिवस ऑगस्टमध्ये, कुणाचा डिसेंबरमध्ये. परीक्षा फेब्रुवारीत.

शेवटचं, आणि हे ज्यांची पोटगी थकलीय त्यांनी लिहून ठेवा. पोरगा कमावतो म्हणून बापाला स्वतःच्या मनाने पैसे बंद करता येत नाहीत. कोर्टाने रक्कम बदलेपर्यंत जुना आदेश चालू असतो आणि दर महिन्याची थकबाकी वेगळी मोजली जाते. वॉरंट काढूनही पैसे दिले नाहीत तर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ज्या आईची गोष्ट वर सांगितली, तिचे अकरा महिने झाले होते. बाराव्या महिन्याच्या आत आम्ही अर्ज टाकला.